रांजण खाली कोणी केला

अन्नपूर्णेले आमच्या गावात कोणी अन्नपूर्णा म्हणत नाही. तोंडावर चक्कीवाली, अन् पाठीमागं जळकुकडी. दोन्ही नावं खरी. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावात पिठाची चक्की तिचीच, अन् तिच्याइतकं उघडं जळणंही कोणाचं नाही. शेजारणीची भाकर टम्म फुगली तरी हिच्या कपाळाले आठी पडे. पण लपवत नव्हती. मले नाही पाहावत, असं सरळ म्हणे अन् दळणाले लागे. बाकीच्या बायाही जळत, पण गोड हसून. फरक तेवढाच.

आमचा सारा पट्टा खारपाणाचा. बोरिंगचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यात डाळ शिजत नाही. नळाले गोडं पाणी येते, पण त्याच्या मर्जीनं. म्हणून घरोघरी रांजण, अंगणातल्या ओट्यात अर्धा गाडलेला. गोडं पाणी लोक तुपावानी जपतात. तळाशी उरलेलं फेकत नाहीत, त्याच्यावरच नवं ओततात.

त्यात अन्नपूर्णेची सासू गीताबाई, तिच्या घरची आणखी एक रीत. आमच्याकडं पोट पडलं का 'बाई खाली झाली' म्हणतात. म्हणून गीताबाईच्या घरात कोणी गरवार असली का 'खाली' हा शब्द बंद, अन् रांजण खाली करणंही बंद. बाळंत होईस्तोवर तो भरलेलाच पाहिजे.

दोन वर्षांमागं अन्नपूर्णा स्वतः गरवार होती, तव्हा तिनंच ही रीत पाळली. एरवी आठ दिवसाले ती रांजण उपसून नारळाच्या शेंडीनं घासे, ते सोडलं. पावसाळा सरता सरता तिले ताप भरला. डोळ्याच्या मागं ठणका, हाडं मोडल्यावानी अंग, वर लाल पुरळ. डेंगू निघाला. पेशी उतरल्या, अकोल्याले नेलं, अन् तिथं पोट पडलं. डॉक्टरनं तिच्या नवऱ्याले, सहदेवले, सांगितलं का असा ताप गरवार बाईले वाईट, त्यानं असं होऊ शकते. गीताबाईनं ते ऐकलं अन् म्हणाली का पपई खाल्ली असन.

मंग गावची आशा सेविका बेबीताई घर पाहाले आली. तिनं रांजणाचं झाकण उचललं तर पाण्यात बारीक वळवळे खालवर होऊन राह्यले होते. तिनं समजावून सांगितलं का हे डेंगूच्या डासाचे किडे, अन् हा डास नालीत नाही, साफ पाण्यातच अंडे घालते, अन् दिवसा चावते. गीताबाईले ते पटलं नाही. गोड्या पाण्यात कायचा रोग, आम्ही गाळून पेतो, म्हणाली. अन्नपूर्णा बाजेवर पडून ऐकत होती. तिले पटलं.

त्याच्यानंतर तिचं पोट राहिलं नाही. दुसऱ्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं अन् मयुरी घरात आली. वर्षाच्या आत तिले दिवस गेले.

आता जळणं पाहावं तर ते. मयुरीले खिडकीजवळची खोली. मयुरीले म्हशीचं दूध. मयुरीनं उंबऱ्यावर पाय ठेवला का गीताबाई म्हणे, "हळू वं माय, भरलेली हायेस तू." मयुरी खट असती तर अन्नपूर्णेले सोपं गेलं असतं. पण पोरगी गरीब. ताई ताई करत मागं फिरे, आपल्यातलं दूध हिले देऊ पाहे. अन्नपूर्णेले ते दूध आंबल्यावानी लागे.

एके दिवशी अन्नपूर्णेनं रांजणात गडू बुडवला अन् वर काढला, तर गडूत वळवळे. तेच. मयुरी तिथंच ओट्यावर पाय पसरून शेंगा फोडत बसली होती, अन् पोटरी खाजवत होती. अन्नपूर्णेनं गडू पुन्हा आत ओतला, झाकण ठेवलं अन् चक्कीवर निघून गेली.

तिच्या मनात काय होतं ते तिनं पुढं चारचौघीत सांगितलं, म्हणून मी लिहून राह्यलो. तिच्या मनात आलं, होऊ दे. हिलेबी समजू दे कसं असते ते.

त्याच आठवड्यात बेबीताई फिरत आली. गीताबाईनं तिले झाकण उघडू दिलं नाही. रांजण उपसणं जमत नसन तर किडे खाणारे गप्पी मासे सोडते, असं बेबीताई म्हणाली. गीताबाई म्हणाली का आमचा रांजण हाये, तलाव नाही. मंग बेबीताई चक्कीवर आली अन् तिनं अन्नपूर्णेले हळूच इचारलं का रांजणात किडे दिसतात का.

"मले काय मालूम," अन्नपूर्णा म्हणाली, अन् पट्टा चालू केला. चक्कीच्या आवाजात पुढचं काही ऐकू गेलं नाही.

त्या दिवशी तिनं तीन घरचं दळण जाडंभरडं काढलं.

मयुरीले सातवा लागला तव्हा ओटी भरायचं ठरलं. पुरणपोळीचं सारं पीठ अन्नपूर्णेनंच दळून दिलं. पण गीताबाईनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं का ओटीच्या वक्ताले तू चक्कीवरच राह्य. काऊन ते तिनं सांगितलं नाही, अन् हिनं इचारलं नाही. घरी बाया जमल्या अन् ही चक्कीत एकटी, दगडाले टाकी लावत बसली. ठोक ठोक आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होता. एका बाईनं म्हटलंही का आज दगडाचं काही खरं नाही.

ठोकता ठोकता हातोडीचा दांडा ढिला झाला. लाकूड पाण्यात भिजवलं का फुगते अन् पक्कं बसते, म्हणून ती हातोडी घेऊन घरी आली. खाऱ्या पाण्याची बादली अंगणातच होती.

अंगणात मयुरी हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती. बाजूले रांजण. त्याले हळदकुंकवाची बोटं लावलेली, गळ्यात शेवंतीची माळ. मयुरीच्या पायाशी डास भणभणत होते, अन् ती पदरानं वारा घालत होती. अन्नपूर्णा तिथंच थांबली. गीताबाईले वाटलं ही रांजणाकडं येऊन राह्यली.

"तिकडं हात नको लावू," गीताबाई सगळ्याईसमोर म्हणाली. "आज भरल्या बाईचं काम हाये. खाली पोटीचं नाही."

बंद केलेला शब्द तिनंच बोलला, अन् तिले त्याचं भानही नव्हतं.

अन्नपूर्णेनं हातोडी उचलली अन् रांजणाच्या पोटावर हाणली. पहिल्या घावाले चीर गेली, दुसऱ्याले खापर सुटलं. पाणी ओट्यावरून बायांच्या पायाखालून वाहत गेलं. बाया लुगडी आवरत उठल्या. एक म्हणाली, जळकुकडीनं दावा साधला.

"हाव, जळली मी," अन्नपूर्णा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हिच्यावर जळली. किडे दिसले तरी बोलली नाही, म्हटलं हिचंबी जाऊ दे. पण ह्या रांजणानं माह्यं लेकरू खाल्लं, अन् तुम्ही त्यालेच कुंकू लावता? हे नाही पाहावत मले."

मयुरीच्या पाटापाशी एक मोठं खापर पडलं होतं, त्यात ओंजळभर पाणी राहिलेलं. ती वाकली अन् त्यात पाहत राहिली. मंग तिनं ते खापर उचलून सासूपुढं धरलं. वळवळे चांगले जाड झाले होते.

गीताबाई त्याच्यानंतर अन्नपूर्णेशी बोलली नाही, अजूनही बोलत नाही. गावानं निकाल देऊन टाकला का थोरलीनं जळून रांजण फोडला. निकाल खोटा नव्हता. त्या हंगामात आमच्या गल्लीत तापानं बरेच जण पडले. मयुरी पडली नाही. रांजण फुटला म्हणून वाचली का नशिबानं, हे बेबीताईही छातीठोक सांगत नाही.

रांजणाच्या जागी निळा ड्रम आला. नववा लागला, मयुरीले वाकणं होईना. एका सकाळी तिनं अंगणातून साऱ्या आळीले ऐकू जाईल असा आवाज दिला, "ताई, ड्रम खाली करून द्या ना." सासू आतून खोकली. अन्नपूर्णा आली, ड्रम आडवा केला, अन् घासता घासता म्हणाली, "दूध तू पे, अन् ड्रम मी घासू. कमाल हाये वं तुही."

पोरगी झाली. अन्नपूर्णा लवकर पाहाले गेलीच नाही, चक्कीवर काम हाये म्हणे. गेली तव्हा उभ्याउभ्याच पाहिलं. पोरीचं नाक थेट गीताबाईवर गेलेलं होतं, तसंच बसकं. ते पाहून तिले जरा गार वाटलं, अन् मंग ती बसली.