तुळपुळ्यांचे सांधे

सिंगापुरातल्या तुआसच्या कारखान्यात अठरा वर्षं वेल्डिंग खातं सांभाळून रवींद्र तुळपुळे २०१६ साली निवृत्त झाले, तेव्हा कारखान्याच्या जर्मन साहेबांनी त्यांना चायनाटाउनच्या जुन्या गल्लीतल्या जर्मन हॉटेलात जेवायला नेलं. तिथे काचेमागे बिअर बनवायची स्टीलची टाकी होती. जन्मात बिअरला न शिवलेल्या तुळपुळ्यांनी लिंबू सरबताचा पेला उचलला खरा, पण नजर टाकीवरच.

“आमच्यात पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात,” साहेबांनी टोकलं.

तुळपुळे उसळले. “आधी तुम्ही तिकडे बघा! त्या टाकीचा एकेक सांधा मी जोडलाय. दहा वर्षांत थेंब गळलेला नाही.”

साहेब टाकीकडे बघतच राहिले. ते वळले, तेव्हा तुळपुळ्यांनी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पेला भिडवला.