वरची सळई

तिसऱ्या वर्षाला बांधकामाच्या तासाला सरांनी स्पंजचा एक लांब तुकडा आणला होता. त्याच्या बाजूवर त्यांनी पेनानं उभ्या रेघा मारल्या, अर्धा तुकडा टेबलावर दाबून धरला आणि अर्धा बाहेर लोंबू दिला. वरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून फाकल्या, खालच्या अंगाला जवळ आल्या. सर म्हणाले, "भिंतीबाहेर काढलेला छज्जा असा वरून फाटतो. म्हणून त्याची सळई वर पाहिजे. खाली गेली तर ती असून नसल्यासारखी."

मग आम्ही तो भाग मोठ्या मापात काढला. भिंत, स्लॅब, वरची सळई, आणि ती काँक्रीटच्या ओल्या मालात खाली बसू नये म्हणून तिच्याखाली वाकवलेल्या लोखंडाच्या छोट्या खुर्च्या. माझी शीट सरांनी वर्गात टांगली होती.

माझे बाबा मिस्त्री. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. घरात मराठी, शाळेत तेलुगू. आजोबा दुसऱ्यांच्या कापसात राबले, बाबांनी थापी धरली आणि मी हैदराबादला आर्किटेक्चर शिकायला गेले. बाबांना तो शब्द नीट म्हणता यायचा नाही. ते लोकांना सांगत, "पोरगी नकाशाचं शिकून राह्यली."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांच्या हाती गावातल्याच एका गुरुजींच्या घराचं काम होतं. वरच्या मजल्याला, गल्लीच्या बाजूनं, चार फूट बाहेर काढलेली गॅलरी. सेंट्रिंग, म्हणजे माल सुकेपर्यंत स्लॅबखाली द्यायचा प्लेटांचा आणि बल्ल्यांचा आधार, मामांचं होतं. मामा मूळचे बेल्लमपल्लीचे, तेलुगू बोलणारे. आमच्या शेजारच्या आत्याशी लग्न करून गावातच राहिले. मी जन्मायच्या आधीपासून बाबांच्या प्रत्येक स्लॅबखाली त्यांच्याच बल्ल्या उभ्या राहत. मला ते पापा म्हणत, तेलुगूत लहान पोरीला म्हणतात तसं, आणि माझ्याशी मोडक्या मराठीतच बोलत.

स्लॅब टाकायच्या दिवशी मी सकाळीच कामावर गेले. शिकलेलं खरंखुरं होताना बघायची हौस होती. गॅलरीच्या सळया बाबांनी वरच बांधल्या होत्या, त्यात चूक नव्हती. पण खाली खुर्च्या नव्हत्या. विटांचे तुकडे टेकू म्हणून दिले होते. मिक्सर सुरू झाला, बायका घमेली घेऊन त्याच सळयांवरून ये-जा करू लागल्या. तासाभरात तुकडे सरकले आणि सळया पायाखाली दबत दबत पार तळाशी गेल्या. मला ते स्पष्ट दिसत होतं.

मी बाबांजवळ गेले. "बाबा, गॅलरीच्या सळया खाली बसून राह्यल्या. वर उचलायला पायजे."

बाबांनी वळून पाहिलं. मिक्सरवाला घाई करत होता. खाली खुर्ची टाकून बसलेल्या गुरुजींनी ते ऐकलं आणि मोठ्यानं हसले. "घ्या मिस्त्री! आता पोरगी बापाले शिकवते."

कामावरची माणसंही हसली. बाबांच्या मानेवर घामाखाली लाली चढलेली मला दिसली.

"सावलीत बस जाऊन," ते म्हणाले. "इतके वर्स झाले, मले एक छज्जा नाई समजत?"

मी सावलीत जाऊन बसले. तिथून सगळा माल पडेपर्यंत बघत राहिले. दुसऱ्यांदा बोलले नाही. बाबांचा आणखी अपमान होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण बाबांपेक्षा मला गुरुजींच्या हसण्याचीच भीती वाटली होती.

तीन आठवडे पाणी मारून झालं, बल्ल्या काढायला तेवढे पुरतात. बल्ल्या काढायच्या दिवशी मी बाबांचा डबा घेऊन गल्लीत शिरले तेव्हा मामा गॅलरीखाली काम करत होते. त्यांनी बाहेरच्या कडेच्या बल्ल्या आधी सोडवल्या होत्या आणि भिंतीकडे सरकत होते. तशीच पद्धत आहे. आमच्या पुस्तकातही तशीच दिली आहे. मला बघून ते म्हणाले, "पापा, तिकडूनच थांब. प्लेटा पडते."

प्लेटा पडल्या नाहीत. अख्खी गॅलरी भिंतीपासून वाकली आणि खाली आली. आवाज फार मोठा नव्हता, भरलेलं पोतं टाकल्यासारखा. मग धूळ. बाबा घरातून धावत आले, लोक आले, लोखंडी सब्बल घालून तुकडा उचलला. मामा तेव्हाच गेलेले होते.

मी वर पाहिलं. भिंतीजवळच्या तुटलेल्या कडेतून सळया लोंबत होत्या. पाच इंच जाडीचा स्लॅब, आणि सळया तळापासून जेमतेम इंचभर वर.

दुपारी पोलीस आले. पंचनामा लिहिताना गुरुजी म्हणाले, "बल्ल्या लवकर काढल्या त्यानं. मी नको म्हणत होतो." हे खोटं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनीच बल्ल्या काढायला घाई केली होती. जमादारानं बाबांकडे पाहिलं. "अवुना, मेस्त्री? खरं आहे?"

बाबा खाली बघत म्हणाले, "हो."

मग कुणीतरी सांगितलं की ही तिथंच होती, हीच लाइन शिकते. जमादारानं मला विचारलं, "लवकर काढलं तर पडते का?"

"पडू शकते," मी म्हणाले.

परीक्षेत ते उत्तर बरोबर धरलं असतं. कागदावर मामांचं नाव चढलं, स्वतःच्या मरणाला कारण म्हणून. आणि बाबा आणि मी, दोघं एकमेकांकडे न बघता घरी आलो.

आठ दिवस बाबा कामावर गेले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी आई पाण्याला गेली होती. बाबा माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले आणि चुलीतला एक कोळसा पुढं केला. "काढून दाखव मले. सळई कुठं पायजे होती?"

मी फरशीवर काढलं. भिंत, स्लॅब, वरची सळई, खालच्या खुर्च्या. वजन आल्यावर कुठून फाटतं ते दाखवलं. बाबांनी वरच्या सळईवर बोट ठेवलं.

"हे तुले त्या दिवशी मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई बोलली?"

"बोलली होती, बाबा."

"एकडाव बोलली. मिक्सर बंद करायचा होता. माह्या हातातली थापी हिसकायची होती." मग हळू आवाजात, "मी ऐकलं नसतं. पण तरी."

ते उठले, सदरा घातला आणि आत्याच्या घराकडे निघाले. मी मागून गेले. आत्या दारात बसली होती. बाबांनी उभ्यानंच सांगितलं की बल्ल्या बरोबर काढल्या होत्या, चूक सळयांची होती, म्हणजे त्यांची स्वतःची. मी म्हणाले, "आत्या, मले ते दिसलं होतं."

आत्या रडली नाही. आम्हाला बसा म्हणाली नाही. तिनं विचारलं, "मंग कागदावर त्यायचं नाव काऊन?"

मग तीच पुढं म्हणाली,

"मले काऊन सांगता? जिथं लिवलं तिथं जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. बाबांनी नवं बयान दिलं, मी माझं दिलं. जमादार बाबांना दोनदा म्हणाला की विचार करा, हे तुमच्यावरच येईल. बाबा म्हणाले, "मंग येऊ द्या."

ते आलंच. बाबांवर केस झाली आणि ती अजून चालू आहे. तारखेला ते इस्त्री केलेला सदरा घालून पहिल्या बसनं आदिलाबादला जातात आणि बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन परत येतात. गावातल्या लोकांना वाटतं की पोरीच्या शिक्षणानं मिस्त्रीचं डोकं फिरलं. निस्तरलेलं प्रकरण स्वतः होऊन अंगावर कोण घेतं? आत्या पावसाळ्याआधीच घराला कुलूप लावून बेल्लमपल्लीला दिराकडे गेली. निघाली तेव्हा आई तिला बसपर्यंत सोडायला गेली होती. बाबा आणि मी घरातच थांबलो.

मी कॉलेज पूर्ण केलं. शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी बाबांनी पेढे आणले, पण गल्लीत वाटले नाहीत. आता मी एका ऑफिसात घरांचे नकाशे काढते. बाबा फक्त प्लास्टरची आणि फरशीची कामं घेतात, स्लॅबला हात लावत नाहीत. मी सुट्टीला गेले की आम्ही शेजारी बसून जेवतो. कापसाचं बोलतो, आईच्या गुडघ्यांचं बोलतो. मी कुठं काय बांधून राह्यली, हे ते कधी विचारत नाहीत. मीही सांगत नाही.