क्रेनवाली खाली उतरते

कारखान्यात छताखालून धावणारी मोठी क्रेन ती चालवत असे, म्हणून सगळे तिला क्रेनवालीच म्हणत. लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा ती जमिनीवर असा टेकवी, की शेजारी उभ्या माणसाला आवाजही येत नसे. पण घरी साडेतीन वर्षांच्या लेकीपुढे तिने हात टेकले होते.

लेक बोलायला पोपट, पण शूच्या भांड्यावर बसवली की दगड. लाल प्लास्टिकच्या भांड्यावर ती गाणी म्हणत बसे, कोरडीच उठे आणि दाराआड जाऊन चड्डी ओली करे. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वर शेजारीण ऐकवी, "आमची तर दीड वर्षाचीच सांगायला लागली बाई!"

पाळणाघराच्या ताईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "पोर गोड आहे हो. पण बाकीच्यांना टाकून दिवसभर हिच्याच चड्ड्या बदलू का? एक तारखेपर्यंत बघते. मग तुम्ही दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठे? नवरा लांबच्या कामावर, सासूच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारलेला. पाळणाघर सुटलं की क्रेनही सुटली.

त्या संध्याकाळी पाळणाघरातून लेकीला घेऊन ती घरी आली. लेकीला आत सोडलं आणि रोजच्यासारखी तडक संडासात पळाली. क्रेन थांबवून खाली उतरलं की खालचं काम अडतं, माणसं ओरडतात. म्हणून सकाळी घोटभर पाणी प्यायचं आणि घरी येईपर्यंत धरून ठेवायचं, ही तिची जुनी सवय. बाहेरून लेक दार बडवत होती.

"थांब गं जरा!"

दार उघडलं, तर उंबऱ्याशी शूचं थारोळं.

ती लेकीवर ओरडणार, तेवढ्यात शेंगा सोलत बसलेली सासू म्हणाली, "तिला कशाला बोल लावतेस? तू तरी वेळेवर जातेस का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आई, मी मोठी आहे. मला धरवतं."

"तेच बघून तीही धरते. धरवेनासं झालं की सोडते."

क्रेनवालीला ते लागलं. तिने फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी तिने संडासाचं दार उघडं ठेवलं आणि लाल भांडं समोर ओढलं. "ये, दोघी बसू."

लेकीने मान वाकडी करून आत पाहिलं. "तू पण करतेस?"

"मग? मी काय लोखंडाची आहे?"

लेक बसली. काहीच झालं नाही. पुढच्या दिवशीही नाही. क्रेनला टांगलेलं ओझं झोके घ्यायला लागलं की त्याला उलटं ओढायचं नसतं. त्याच्याबरोबर थोडं जायचं, मग ते आपोआप शांत होतं. कामावर हे तिच्या हाताला ठाऊक होतं. घरी मात्र ती आजवर ओढतच आली होती. आता ती नुसती बसून राही. घाई नाही, की 'झालं का' नाही.

एका संध्याकाळी भांड्यातून बारीक आवाज आला. दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"कोणाचं गं?" सासूने बाहेरून विचारलं.

"माझं!" लेक किंचाळली.

एक तारखेला पिशवीत तीन चड्ड्या गेल्या. संध्याकाळी ताईंनी दोन कोरड्या परत दिल्या. "एकदा खेळात राहिलं. पण नंतर आपणहून सांगितलं तिने. येऊ दे रोज."

क्रेनवालीच्या छातीवरचा धोंडा उतरला. रस्त्यात लेकीने तिचं बोट ओढलं.

"आई, तू कामावर शू केलीस?"

खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं. पण लेक डोळे रोखून उभी होती. "नाही गं."

"उद्या कर हं. नाहीतर चड्डी ओली होईल."

दुसऱ्या दिवशी भर पाळीत तिने ओझं खाली टेकवलं, क्रेन थांबवली आणि शिडी उतरू लागली. खालून मुकादम ओरडला, "काय झालं? बिघडली का?"

"क्रेन ठीक आहे. मला जायचंय. मुकादमाचा हुकूम आहे."

"मी कधी दिला?"

"तुम्ही नाही हो," ती चालता चालता म्हणाली, "घरच्या मुकादमाने."