जानूमास्तरांचे दात आणि मंडळाचं मशीन

दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाईक उचलून नेतं, पण तो घ्यायला आल्यावर अर्धा तास बसून जे बोलतं ते मात्र दुकानातच राहतं. डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं आणि अशा साठलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी एकट्या आमच्या फिल्म मंडळाच्या आहेत. इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं. आता मंडळ नाही, ते मशीनही नाही, आणि माझं वय असं आहे की कोणी रागावलं तर रागावू दे.

मंडळ म्हणजे तीन माणसं आणि मी. अध्यक्ष नानासाहेब, बोर्डीचे, चिकूची मोठी वाडी. रमणभाई, कापडाचे व्यापारी, ज्यांच्या मेव्हण्याने आफ्रिकेहून सिनेमाचा कॅमेरा आणून दिला होता. आणि देवधर सर, हायस्कुलात सायन्स शिकवायचे, म्हणून तांत्रिक सल्लागार. मी रेडिओवाला, म्हणून हमाल. जड वस्तू कोणी उचलायची हा प्रश्न आमच्या मंडळात कधी चर्चेला आलाच नाही.

हे सगळं साठ सालाच्या आगेमागे.

*

पहिली फिल्म काढली ती झाई गावातल्या एका लग्नात, बँडची. बँड जानूमास्तरांचा. मास्तर तलासरीकडच्या पाड्यावरचे. एरवी नानासाहेबांच्या वाडीत मजुरी करायचे आणि लग्नसराईत लाल कोट घालून क्लॅरिओनेट वाजवायचे. नानासाहेब त्यांना 'जान्या' म्हणायचे. बाकी सगळं गाव मास्तर म्हणायचं.

कॅमेरा मुका. हे रमणभाईंना ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं चालून जाईल. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना गोणपाट लावून भरदुपारी खेळ झाला. पडद्यावर आठ माणसं लाल कोट घालून गाल फुगवतायत, आवाज शून्य. रमणभाई उभे राहून सांगतायत, "हा बेस्ट पार्ट छे, बघा, बघा."

दहा मिनिटं लोकांनी सहन केलं. मग मागच्या बाकावरून एक कोळीण शांतपणे म्हणाली, "चा लय गरम दिलाय वाटतं यांना."

त्याच संध्याकाळी मंडळाने ठराव केला की आवाज धरणारं मशीन घ्यायचं.

*

ठरावाची बातमी मास्तरांच्या कानावर गेली आणि बाजाराच्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. तोंडात लवंग होती. बसा म्हटलं तरी उभेच.

मास्तरांचं वाजवणं काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट. लहानपणी ते पाड्यावर तारपा वाजवायचे. तारप्यात श्वास तोडायचा नसतो. गालात हवा साठवायची, ती सोडता सोडता नाकाने नवी ओढायची, सूर चालूच. क्लॅरिओनेट हातात आल्यावर मास्तरांनी तोच श्वास त्यात घातला. वरातीत लोक नवरदेवाकडे पाहायचे सोडून मास्तर श्वास कधी घेतात ते पाहत उभे राहायचे. मास्तर घ्यायचेच नाहीत.

तर मास्तरांनी ओठ वर करून मला दात दाखवले. समोरचे दोन, हिरडी सुजलेली, दोन्ही हलत होते.

"डाक्टर सांगतो काढून टाक, नायतर पू हाडात जाईल," मास्तर म्हणाले. "पण वाजाचं सगळं वजन या दोन दातांवर असतं. हे गेले का वाजवणं गेलं. तुमचं मशीन कधी येतं?"

मी म्हटलं, महिनाभरात येईल. मला खरंच तसं वाटलं होतं.

"मंग महिना काढतो," मास्तर म्हणाले. जाताना दारात थांबले. "इतकी वर्षं वाजवतो, पण मी मना सवताला कधी ऐकलाच नाय. वाजवताना डोक्यात नुसती दातांची थरथर असते. लोकांना काय ऐकू येतं ते एकदा ऐकायचं हाय."

*

पहिलं मशीन मुंबईहून आलं, पसंत पडलं तर ठेवा या बोलीवर. नानासाहेबांनी ते दोन्ही हातांनी उचलून पाहिलं. चिकूची पाटी उचलावी तसं.

"वजन आहे. माल भरीव दिसतो," नानासाहेब म्हणाले. मग माइकपुढे बसून त्यांनी अध्यक्षीय भाषण केलं. मी टेपचं स्पूल मागे फिरवून ऐकवलं.

नानासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा कोण किरकिरतोय?"

"आपणच," मी म्हटलं.

"मी असा बोलतो?"

स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की भल्याभल्यांना धक्का बसतो, हे रेडिओवाल्याला माहीत असतं. सायन्सच्या मास्तरांनाही माहीत असायला हवं. पण देवधर सर चटकन म्हणाले, "छे छे, आपला आवाज किती भारदस्त! मशीनमध्येच खोट आहे." मशीन परत.

दुसरं आलं. पुन्हा भाषण, पुन्हा तेच, परत. तेवढ्यात पावसाळा सुरू झाला आणि संपलाही. बँड रेकॉर्ड करायला आणलेल्या मशीनपुढे आतापर्यंत फक्त नानासाहेब वाजले होते.

तिसरं मशीन खरोखर उत्तम होतं. मी तसं सांगितलंही. नानासाहेबांच्या घरी ओटीवर चाचणी चालली होती, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. नवरा खुर्चीवर गप्प बसलाय आणि त्याचा आवाज मशीनमधून येतोय, असं पाहून दारातच थांबल्या. पूर्ण भाषण ऐकलं.

"अगदी हुबेहूब," काकू म्हणाल्या.

तिसरं मशीन त्याच दुपारच्या गाडीने परत गेलं.

चौथ्याला मी शहाणपणा केला. ऐकवताना आवाज जाड करायचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं. नानासाहेबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, मान डोलावली आणि मशीन पास केलं. चारांतलं सगळ्यात भिकार मशीन ते. आणि ते आलं माझ्यामुळे.

तोवर दिवाळी होऊन गेली होती. मास्तर दर बाजाराला येऊन दुकानाच्या दारातून नुसतं माझ्याकडे पाहायचे. मी मान हलवली की पुढे जायचे. गाल एका बाजूने सुजलेला असायचा.

*

माइकची निवड देवधर सरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत केली. टेबलावर तीन माइक, समोर ट्यूनिंग फोर्क. सर फोर्क रबरावर आपटायचे, माइकपुढे धरायचे आणि वहीत मार्क द्यायचे. पास व्हायला पस्तीस.

मी विचारलं, "सर, एकदा बँडच बोलावू या का?"

"विनायकराव, बँड म्हणजे प्रयोग नव्हे," सर म्हणाले.

ज्या माइकला पैकीच्या पैकी मार्क पडले त्याच्यापुढे शेवटी एकदा, शाळेच्या फरसबंद पटांगणात, बँड उभा केला. आमच्या मशीनला एक हिरवा दिवा होता, त्याला डोळा म्हणायचे. आवाज वाढला की तो डोळा मिटत जायचा. ढोलवाल्याने पहिली थाप मारली आणि डोळा गच्च मिटला तो उघडेचना. ढोलवाला वाकून पाहायला लागला.

"साहेब, याला झोप आली."

मी म्हटलं, ढोल मागे न्या आणि माइक मास्तरांच्या जवळ ठेवा, झालं. सर कॅटलॉग चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "कॅटलॉगमध्ये ढोलाचा उल्लेखच नाही. तेव्हा ढोल आहे तिथे राहील. माइक मागे घ्या."

पाच पाच पावलं माइक मागे घेत गेलो. चाळिसाव्या पावलावर डोळा उघडा राहिला. सरांनी तिथे खडूने फुली मारली आणि वहीत मार्क लिहिले.

*

मग रमणभाईंच्या कॅमेऱ्याची पाळी. चावीचा कॅमेरा, चालताना गिरणीसारखा खडखडायचा. सर म्हणाले, हा आवाज माइकमध्ये येईल. म्हणून रमणभाईंवर गोधडी घालायची असं ठरलं. कॅमेऱ्यावर नव्हे, कॅमेऱ्यासकट रमणभाईंवर.

बोर्डीच्या समुद्रावर, सुरूच्या बनाशेजारी, ऐन उन्हात रंगीत तालीम झाली. वाळूत एक गोधडी उभी आणि तिच्यातून भिंग बाहेर आलेलं. चावी अर्ध्या मिनिटात संपायची. ती संपली की गोधडीतून आवाज यायचा, "ऊभा रे, ऊभा रे, थांबा जरा." मग आत चावी द्यायची धडपड, गोधडी हलतेय, आणि बँड थांबलेला.

मास्तर तीनदा थांबले. चौथ्यांदा त्यांनी क्लॅरिओनेट खाली घेतलं. "शेठ," ते गोधडीला म्हणाले, "तुमची चावी सरते, माझा श्वास नाय सरत. तुमी तुमचं करा, मी वाजवत ऱ्हातो."

गोधडी म्हणाली, "बराबर छे."

रमणभाई बाहेर आले तेव्हा त्यांना लिंबूपाणी पाजून सावलीत निजवावं लागलं.

*

शेवटी रेकॉर्डिंग झालं. होळीच्या आधी, नानासाहेबांच्या वाडीत, कारण तिथे पंपासाठी वीज आलेली होती. महिनाभर म्हणून थांबलेल्या माणसाने नऊ महिने काढले होते. त्या दिवशी मास्तरांचा वरचा ओठही सुजला होता. डॉक्टरने दुसऱ्या दिवशीची वेळ दिली होती, याउपर ऐकणार नाही म्हणाला होता.

बँड खळ्याच्या त्या टोकाला. माइक चाळीस पावलांवर. आणि चाळीस पावलांवर मंडळाच्या खुर्च्या, सावलीत. म्हणजे माइक बरोबर नानासाहेबांच्या गुडघ्यापुढे. मी मशीनजवळ, कानाला हेडफोन लावून.

मास्तरांनी तोंडातली लवंग काढून खिशात ठेवली. वाजवायला सुरुवात केली. मी त्यांना लग्नांत खूप ऐकलं होतं, पण असं कधी नाही. जणू नऊ महिन्यांचं सगळं आत्ताच सांगून टाकायचं होतं.

आणि माझ्या कानात पहिला आवाज आला तो नानासाहेबांचा. "शांतता राखा."

पाठोपाठ सर. "शांतता, रेकॉर्डिंग चालू आहे."

मी हात हलवून खुणा केल्या की बोलू नका. नानासाहेबांना वाटलं मागे कोणीतरी गडबड करतंय. ते वळून मजुरांवर ओरडले, "अरे गप्प बसा, त्यांना त्रास होतोय." मजूर गप्पच होते. मी आणखी जोरात हात हलवले. सर म्हणाले, "नानासाहेब, विनायकराव म्हणतायत आवाज येतोय." नानासाहेब म्हणाले, "मी सांगितलं ना त्यांना." असं ते स्पूल संपेपर्यंत चाललं.

मास्तर थांबले तेव्हा क्लॅरिओनेटच्या तोंडाला रक्त होतं. त्यांनी ते धोतराच्या टोकाला पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "नीट नसंल आलं तर अजून एकदा वाजवतो."

दुसरं कोरं स्पूल माझ्या पिशवीत होतं. नानासाहेब मात्र घड्याळ पाहून उठले. "छान झालं रे जान्या, सगळं उतरलं. चला, चहा घेऊ."

तुम्ही बोलत होतात, परत घ्यावं लागेल, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. मी बोललो नाही. अध्यक्षांना तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. बाकीच्यांना मी मूर्ख म्हणतो, पण त्या दिवशीचा भित्रा मीच, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी दात निघाले.

*

आठवड्याने सगळे माझ्या दुकानात ऐकायला जमले. नानासाहेब, सर, रमणभाई खुर्च्यांवर. मास्तर आले, तोंडावर पंचा धरलेला, ओठ आत गेलेला. या खेपेला मी त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवलं, मशीनच्या अगदी जवळ.

मी स्पूल सुरू केलं. "शांतता राखा." मग सर. मग मजुरांवरचं ओरडणं. आणि त्या सगळ्याच्या मागे, लांब कुठेतरी, क्लॅरिओनेट. दुकानात कोणीही कोणाकडे पाहत नव्हतं. सर कॅटलॉग चाळायला लागले.

अर्धं स्पूल झालं असेल. तिथे नानासाहेब खोकून थांबले असावेत, सरही गप्प होते, ढोलही थांबला होता. एक सूर आला, एकटा, लांबलचक, न तुटणारा. चार-पाच सेकंद. मग पुन्हा, "मी सांगितलं ना त्यांना."

मास्तरांनी हात वर केला. "मागं घ्या."

मी मागे घेतलं. तो सूर आला. मास्तरांनी पंचा तोंडावरून काढला. "अजून मागं."

किती वेळा घेतलं मोजलं नाही. मशीन तापलं, वास यायला लागला, तरी घेत राहिलो. मास्तर स्पूलकडे टक लावून बसले होते आणि तो सूर आला की त्यांचे गाल आपोआप फुगत होते.

शेवटी नानासाहेब खुर्चीत चुळबुळले. "अरे जान्या, तेवढंच काय ऐकतोस? पुढे बरंच आहे की."

मास्तरांनी मान वळवली नाही.

"पुढं नको साहेब," ते म्हणाले. "पुढं तुमी बोलता."