वाळूतला डबा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता — कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायचो. आज मीच सांगतोय.

आम्ही नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला राहतो. खालच्या मजल्यावर ग्रेटा राहायची, नव्वदी ओलांडलेली, एकटी. दोन वर्षांपूर्वी आई पुण्याहून तीन महिने आली आणि दोघींचं जमलं. ही मराठीत, ती डचमध्ये... अडलं कुठेच नाही. आईने स्टीलच्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले. डबा लख्ख धुऊन, रिकामा परत आला.

"रिकामा डबा परत करतात होय कुणी?" आई म्हणाली. "शिकवायला हवं ग्रेटाताईंना."

शिकवलंही. पुढच्या खेपेला डब्यातून बिस्किटं आली.

ग्रेटाकडे एक अल्बम होता, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. स्खेवेनिंगनचा किनारा, वेताच्या उंच खुर्च्या, कोट-टाय घालून वाळूत बसलेले तिचे वडील, शेजारी चार वर्षांची ग्रेटा. आईला तो रोज बघायचा असायचा.

"मिलिंद, आम्हा दोघींना इथे ने रे."

"शनिवारी नेतो."

आमच्या कोपऱ्यावरून ट्राम थेट समुद्रावर जाते. पण कधी ऑफिसातलं सॉफ्टवेअर रिलीज, कधी वारा, कधी नुसताच कंटाळा. "समुद्राला काय मुहूर्त लागतो का?" आई हसायची. शेवटच्या शनिवारी ती साडी नेसून, डबा भरून, जिन्यात ग्रेटाशेजारी बसून राहिली. मी लॅपटॉपसमोरून उठलो नाही.

परत गेल्यावर काही महिन्यांतच आई गेली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ग्रेटाने बोलावलं. अल्बम उघडाच होता. वडिलांच्या खुर्चीशी, वाळूत, एक डबा. झाकण काढलेलं. मी तिचं भिंग धरलं. टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव — सौ. सुमन. आईच्या लग्नात आलेला डबा... आणि फोटो तिच्या जन्माआधीचा!

हाच फोटो मी आईसाठी स्कॅन केला होता. धावत वर जाऊन फाइल उघडली. तिथे नुसती वाळू. खरा डबा आमच्या ओट्यावर, पोह्यांनी भरलेला. खाली येऊन पुन्हा पाहिलं... होता. नखाने खरवडलं. कागद गुळगुळीत.

ग्रेटाला नवल वाटलेलंच नव्हतं.

"म्हणजे गेली ती शेवटी," ती इंग्रजीत म्हणाली. "तुझी वाट न बघता." मग अल्बम मिटत, "मी मात्र अजून जिन्यातच बसलेय."

"या शनिवारी नक्की," मी म्हणालो. खरंच नेणार होतो. शुक्रवारी ती झोपेतच गेली.

अल्बम तिच्या भाच्याने नेला. तो फोटो पुन्हा एकदा बघू द्या, एवढंही त्याला म्हणता आलं नाही. काय सांगणार होतो? माझ्याकडे उरलीय ती फाइल, जिच्यात काहीच नाही.

हे काय होतं, मला आजही कळलेलं नाही. ट्राम रोज समोरून जाते. मी चढत नाही. त्या दोघींना एक शनिवार द्यायचा होता. तो अजून माझ्याकडेच आहे.