उन्हात न पाहिलेला फोन

आमच्या मामांनी एक फोन सोडला, तर आयुष्यात एकही वस्तू उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय विकत घेतली नाही. शेळी असो, चप्पल असो की लुगडं. ते ती दुकानदाराच्या देखत उचलून रस्त्यावर न्यायचे आणि डोळे बारीक करून न्याहाळायचे. "सावलीत समदीच शेरडं गुबगुबीत दिसत्यात," असं त्यांचं म्हणणं. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा हे पाहुण्यांच्या अंगणात काय करतील या धास्तीनं आईनं त्यांना मुद्दाम मोडनिंबला कसल्याशा कामाला पाठवलं होतं.

मामा सांगोल्याकडचे. शेळ्यामेंढ्या राखायच्या आणि बाजारात त्यांचे सौदे करायचे, हा धंदा. त्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दोघांनी हात हातात घ्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा कळवायचा. सौदा मोडला तरी तो आकडा कुणी बाहेर फोडत नाही. मामा हा नियम घरातही पाळायचे. लहानपणी सुट्टीत माझ्या हातून त्यांचं कोकरू हरवलं, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. "रुमालाखालचं रुमालाखाली," एवढंच ते म्हणाले होते.

तीन वर्षांमागं मामी अंथरुणाला खिळल्या. मामा दिवसभर माळावर, मामी घरात. सुनेकडं मोठा फोन होता, मामांकडं बटणांचा. एके दिवशी ते सोलापूरला माझ्या दारात उभे राहिले. "भाचेराव, तोंड दिसायचा फोन घ्यायचाय. दुपारच्याला ती लई घाबरी हुतीया. माळावरनं मी तिला दिसलो पायजे, अन् ती मला. तुला त्यातलं कळतं, तू चल की." नातेवाइकांत मी कॉम्प्युटरवाला म्हणून प्रसिद्ध. ऑफिसात प्रिंटर अडकला की मी शिपायाला हाक मारतो, हे त्यांना कुठं ठाऊक?

नवी पेठेतल्या एका गारेगार, काचेच्या दुकानात गेलो. धोतर, मुंडासं, खांद्यावर घोंगडं आणि रुमाल अशा थाटात मामांनी एकेक फोन तळहातावर तोलला. विक्रेता कॅमेऱ्याचं गुणगान करत होता.

"ते ऱ्हाऊ द्या. उन्हात दिसतंय का?"

"काका, ब्राइटनेस फुल आहे की."

"फुल असंल. पर उन्हात?"

मग त्यांनी भावाची बोलणी काढली. म्हणजे विक्रेत्याचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. तो चटका बसल्यासारखा मागं सरकला. नेमके त्याच वेळी आमचे साहेब सहकुटुंब दुकानात शिरले. मी पाठ फिरवली. तेवढ्यात मामा हातातला फोन घेऊन शांतपणे दाराकडं निघाले, उन्हात. फोनला वायर बांधलेली होती. ती ताणली गेली आणि भोंगा वाजला. दुकान थबकलं, रखवालदार धावला.

साहेबांनी विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"नाही... म्हणजे, गावाकडचे आहेत. ओळखीचे."

मामा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. झोपलेलं करडू ठेवावं तसा त्यांनी फोन जागेवर ठेवला.

वायर सोडायला सांगून दोन मिनिटं बाहेर जाता आलं असतं. मी मात्र समोरचा चकचकीत फोन उचलला आणि म्हणालो, "काका, हाच घ्या. चांगला आहे." सख्ख्या मामाला मी काका म्हणालो.

"बरं," मामा म्हणाले. "तुमी म्हंताय तर." त्यांनी मला तुमी म्हणायची ती पहिली वेळ.

बाहेर सोलापूरचं ऊन. फोनची काच काळीठिक्कर, आत फक्त माझंच तोंड. "दिसतंय का, मामा?" मी चाचरत विचारलं. "दिसतंय की," ते म्हणाले. एस.टी. स्टँडवर चहावाल्याला त्यांनी आपणहून सांगितलं, "ह्यो माझा भाचा. मोठ्या हापिसात हाय. त्येनंच निवडून दिला." फोन बदलून आणता आला असता. पण त्या दुकानात पुन्हा कोण जाणार?

पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो. भर दुपारी माळावर घोंगड्याचा एक ढीग बसलेला दिसला. आतून आवाज येत होता, "व्हय, दिसतीयास की. पानी पेलीस का?" थोड्या वेळानं मामा घामानं निथळत बाहेर आले.

"मामा, दुसरा फोन घेऊ या."

"कशाला? घोंगडं हाय की."

"त्या दिवशी दुकानात मी..."

त्यांनी माझा हात धरला, वर रुमाल टाकला आणि पाची बोटं घट्ट दाबली.

यंदा मामा गेले, मामींच्या आधी. दहाव्याला मी मामींच्या उशाशी बसलो. मामांचा तो फोन त्यांच्या शेजारीच होता.

"लई पारखून दिलासा, भाचेराव," मामी म्हणाल्या. "माळावर येवढं ऊन, पर ह्येंचं तोंड कायम सावलीत दिसायचं. माजा जीव निवांत व्हायचा. झाड हाय व्हय तितं?"

त्या माळावर खुरट्या बाभळीखेरीज काही नाही.

"आहे की," मी म्हणालो.

"कशाचं?"

"कडुलिंबाचं. मोठं आहे."