तळटीपेत न मावलेला श्रावण

दोरेवाल्या मॅडम वीगन आहारावरचे शोधनिबंध वाचायच्या आणि वाचता वाचता सुके बोंबील भाजायच्या. दूध, तूप, मधसुद्धा वर्ज्य मानणाऱ्या त्या आहारावर जगात कोण काय लिहितंय याचा माग काढणं हे त्यांचं काम, आणि मासळी हा त्यांचा जीव. दारावर येणारी मासळीवाली काकी त्यांना सोडायची नाही.

"मॅडम, दिवसभर पाल्याचं वाचता आणि भूक लागली की माझी टोपली!"

"काकी, डॉक्टर काय आधी स्वतः आजारी पडतो?" मॅडम म्हणायच्या आणि वाट्यात चार बोंबील जास्त मागायच्या.

डहाणूतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता. दोन देशांतल्या संशोधकांनी मिळून निबंध लिहिला की त्या देशांवर टोचलेल्या दोन टाचण्यांमध्ये मॅडम दोरा बांधायच्या. म्हणून त्या दोरेवाल्या. पदवी संपवून मी २०१५ मध्ये त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा दोरे विरळ होते. पुढे इतके वाढले की युरोप दिसेनासा झाला. जुन्या निबंधांत एकच काळजी असायची, असं जेवणाऱ्या माणसांना काय कमी पडतं? मग हृदय आणि साखर आली, नंतर पृथ्वीचं तापमान. दोरे मात्र त्याच त्या श्रीमंत शहरांत घोटाळायचे. "ज्यांचे फ्रीज दुधामांसाने भरलेत, त्यांनाच ते सोडण्याचा अभ्यास सुचतो," मॅडम म्हणायच्या. "आपल्या ताटाला कोण विचारतंय?" डहाणूच्या टाचणीला एक तरी दोरा बांधायचा, एवढी एकच त्यांची हौस.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे ते निबंध मला भराभर कळायचे. बोलायची मात्र पंचाईत. काहीही विचारलं की मी मान हलवायचे.

"मान वाऱ्यानेही हलते," त्या म्हणायच्या. "तोंडाने सांग."

शेवटी परदेशातल्या एका मोठ्या गटाने सोबत काम करायला होकार दिला. भाताची लावणी आटोपून माणसं घरी सापडतील म्हणून आम्ही लगेच निघालो. कासा गावाहून जीपमध्ये स्वतःला कोंबून डहाणू तालुक्यातल्याच रानशेत, सायवनच्या पाड्यांवर गेलो. प्रश्न साधा होता, काल काय खाल्लं? नाचणीची भाकरी, भात, उडदाची आमटी, रानभाजी, कोरा चहा. घरोघरी तेच. परदेशी गट हरखून गेला. न ठरवता वीगन असलेली गावं! मसुदा तयार झाला, लेखकांत मॅडमचं नाव आलं, आणि निबंध छापायच्या आधीच त्यांनी डहाणूहून लाल दोरा ओढून बांधला. काकीलासुद्धा आत बोलावून दाखवला.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही त्या घरांचे आभार मानायला परत रानशेतला गेलो. जीपमधून उतरलो तर पाडाभर सुकट भाजल्याचा वास. मॅडम जागच्या जागी थांबल्या. ओळखीच्या घरातली बाई हसत बाहेर आली.

"या मॅडम, आता बरोबर आलात! तवा श्रावण होता, तुमाला काय वाढणार होतो?"

मॅडम देवधर्म पाळत नसत. त्यांची बोंबलाची बरणी श्रावणातही उघडीच असायची. आमचं घर बारा महिने शाकाहारी. आम्हा दोघींच्या ताटात श्रावण कधी वेगळा दिसलाच नव्हता. मॅडम आधी मोठ्याने हसल्या, मांडी घालून पोटभर जेवल्या. परतीच्या जीपमध्ये मात्र नोंदींची वही उघडून तारखा बघत राहिल्या. कासा आल्यावर म्हणाल्या, "माणसं खरं बोलली गं. आपणच एका महिन्याला वर्ष समजलो."

त्यांनी त्याच दिवशी गटाला कळवलं. उत्तर फार सौजन्याचं आलं. निष्कर्ष तसाच राहू द्या, महिन्याचा उल्लेख तळटीपेत करू. मॅडमनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "तळटीपेत श्रावण मावत नाही." वर्षभर, प्रत्येक ऋतूत पुन्हा विचारू, असं त्यांनी सुचवलं. गटाकडे तेवढा वेळ नव्हता. मॅडमनी आपलं नाव आणि आपली गावं काढून घेतली. मग खुर्चीवर चढून लाल दोरा सोडला. बोट पांढरं पडेपर्यंत तो बोटाला गुंडाळत राहिल्या.

पुढचं वर्षभर आम्ही दोघीच पाड्यांवर जात राहिलो. उन्हाळ्यात, खेकड्यांच्या दिवसांत, लग्नसराईत. त्यातून कुठला दोरा बांधला जाणार नव्हता. जगाच्या नकाशात डहाणू आणि रानशेत एकाच टाचणीखाली येतात.

२०१९ मध्ये मॅडमची आई आजारी पडली म्हणून त्या नागपूरला कायमच्या निघाल्या. काकीने सुक्या बोंबलांचं गाठोडं त्यांच्या हातात कोंबलं. "तिकडं काय मिळणार, संत्री?" म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मॅडमनी मला विचारलं, "पुढे शिकशील ना?" मी मान हलवली. त्या वाट बघत उभ्या राहिल्या.

"शिकेन," मी म्हणाले.

आता मी एका संशोधन संस्थेत असते. अजूनही बैठकीत कोपऱ्यातली खुर्ची बघते. पण पडद्यावर कुणाच्या तरी ताटाचे आकडे आले की माझा आवाज मलाच ऐकू येतो: "हे कोणत्या महिन्यात विचारलं होतं?" सगळे वळून बघतात. कुणीतरी म्हणतं, तळटीप टाकू या.

"नाही," मी म्हणते. तोंडाने.